पूर आणि दुष्काळ एकाच वर्षीं

नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर तालुक्यास २०१८ सालीं मोठा विचित्र अनुभव आला. १६ ऑगस्टच्या रात्रीं तेथें मुसळधार पाऊस कोसळला, रंगावली नदी पात्राबाहेर आली, आणि कांठचीं घरें, गुरें व माणसेंहि वाहून गेलीं. पुढें ३१ ऑक्टोबरला शासनानें राज्यांतील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादींतहि नवापूरचें नांव होतेंच! पुरांत ज्याचें घर गेलें त्यालाच अडीच महिन्यांत दुष्काळग्रस्त म्हणवून घ्यावें लागलें, हें घडलें कसें?

मोसमाचा पाऊस आणि एका रात्रीचा पाऊस यांचे धनी निराळे आहेत. मोसमाची एकंदर बेरीज ठरण्यांत दूरच्या पॅसिफिक महासागराचा मोठा वांटा असतो. हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनीं पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील वायुभाराचीं आंदोलनें ताडून पाहून या संबंधाचा माग काढला. पॅसिफिकचें विषुववृत्तीय पाणी नेहमींपेक्षां तापलें, म्हणजे 'एल निनो' आला, कीं भारतांत पाऊस बहुधा उणावतो. बहुधाच, कारण १९९७ सालीं एल निनो प्रबळ असूनहि देशांत पाऊस सरासरीइतका झाला.

रात्रींत नदी चढविणारा पाऊस मात्र पुष्कळदां बंगालच्या उपसागराचा पाहुणा असतो. तेथें उठलेला कमी दाबाचा आवर्त ओडिशाचा किनारा ओलांडून पश्चिमेकडे सरकतो. त्याच्याभोंवतीं वारे घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरतात. त्यामुळें त्याच्या दक्षिण अंगास अरबी समुद्रावरील बाष्पयुक्त वारे जोरानें ओढले जातात, आणि सर्वांत दाट पाऊस त्याच्या नैर्ऋत्य भागांत पडतो. २०१८ च्या त्या आठवड्यांत असाच एक आवर्त देशाच्या मध्यभागीं आला होता. केरळांतील महापूरहि त्याच दिवसांतला. नंदुरबार, शहादें हीं गांवें डोंगराच्या आडोशाला पडतात. नवापूर पश्चिमेकडे तोंड करून बसलेलें; वारा सह्याद्रीच्या या उत्तर टोंकावर चढूं लागला कीं आपलें ओझें तेथेंच टाकतो. ऑगस्ट २००६ मध्यें तापीच्या खोऱ्यांतील अतिवृष्टीनें उकाईचें धरण भरलें आणि खालीं सुरत शहर पाण्यांत बुडालें.

असें पाणी जमिनींत मुरत नाहीं. कांहीं तासांत तें तापीला जाऊन मिळतें. भाताला हवी असते ती थोडथोडी, वेळेवर येणारी सर. ती पुढें आली नाहीं, तर पुराचा गाळ अंगणांत असतांनाच शेत भेगाळतें. त्यांत तापमानवाढीची भर आहे: हवा एक अंश सेल्सिअसनें तापली कीं तिची बाष्पधारणशक्ति शेंकडा सुमारें ७ नें वाढते.

ओडिशाच्या किनाऱ्यापासून तापीच्या खोऱ्यापर्यंत येण्यास आवर्ताला साधारण दोन-तीन दिवस लागतात. रंगावलीकांठच्या घरांना सावध करण्यास वेळ मिळतो तो तेवढाच.