चालकाची दुपार कोणाची?

करमाळ्याला शहर बससेवा नाही. तिचं काम एसटी आगाराच्या ग्रामीण फेऱ्याच करतात: सकाळी वाड्यावस्त्यांवरची शाळा-कॉलेजची मुलं आणि कचेरीत काम असलेली माणसं गावात आणायची, संध्याकाळी परत पोचवायची. मधल्या उन्हात गाड्या रिकाम्या धावतात. पुण्या-मुंबईतही गर्दीचं हेच गणित असतं. म्हणून चालक-वाहकांची कामगिरी दोन तुकड्यांत लावण्याची पद्धत पडली. मग दुपारी आगारात आडवा झालेला चालक दिसला, की ‘पगार आठ तासांचा, काम चार तासांचं’ असा शेरा सहज मारला जातो. प्रत्यक्षात सकाळी 6 ते 10 आणि दुपारी 2 ते 6 अशी कामगिरी धरली, तर काम पुरे आठ तासांचं होतं आणि माणूस मात्र बारा तास अडकतो.

कायद्याने हे दोन आकडे वेगळे धरले आहेत. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात कामाची मर्यादा दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास होती. लांब पल्ल्याच्या आणि सणासुदीच्या वाहतुकीसाठी 10 आणि 54 तासांची सवलत. पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंतचा पसारा, विश्रांती धरून, साधारणपणे 12 तासांपलीकडे जायचा नाही आणि दिवसाचे दोनपेक्षा जास्त तुकडे पाडायचे नाहीत. (हा कायदा आता इतर बारा कायद्यांसह 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला, पण एसटीच्या वेळापत्रकांची घडी जुन्याच चौकटीत बसली.) बसून पगार मिळतो, हा समजही 1961 च्या त्या कायद्यापुढे टिकत नाही. फेरी संपल्यावर थांब्यावर पंधरा मिनिटांहून कमी वेळ तिष्ठणं कामात मोजायचं, कारण तेवढ्यात माणूस कुठे जाऊ शकत नाही. चालक खरोखर मोकळा असलेली लांब सुट्टी कामाच्या तासांत येत नाही. म्हणजे मधले चार तास फुकटच्या पगाराचे नसतात, बहुतेकदा बिनपगारी असतात.

यावर रास्त आक्षेप असा, की मोकळा वेळ तर मिळतोच ना! मिळतो, पण चालकाचं घर आगाराजवळ असेल तरच तो त्याच्या कामाचा. घर वीस किलोमीटरवरच्या गावात असेल, तर जाण्यायेण्यातच दुपार संपते. दुसरा आक्षेप प्रशासनाचा: सकाळ-संध्याकाळसाठी वेगवेगळे चालक ठेवले, तर दोघांचंही निम्मं काम रिकामं. हा हिशेब बरोबर आहे, म्हणून तुकडे पाडणंच चूक म्हणता येत नाही. मुक्कामी गाडीचा प्रश्न मात्र याहून बिकट वाटतो. एका दिवसाचं काम संपून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग 9 तासांची विश्रांती हवी, असं तोच कायदा सांगे. रात्री 9 ला गावात पोचलेली गाडी पहाटे 6 ला सुटली, की नियम काटेकोर पाळला जातो. त्या नऊ तासांत जेवण, अंथरूण, झोप आणि पहाटेची आवराआवर बसवायची. तेव्हा चालकांच्या आरामाबद्दल बोलताना कामाचे तास मोजून थांबू नये. आगारात पंखा, पाणी आणि पाठ टेकायला स्वच्छ खोली आहे का, हे आधी विचारावं.