सप्टेंबरचा पट आणि जानेवारीचा वर्ग

दिवा–पनवेल लोहमार्ग 1964 मध्ये सुरू झाला, दोन वर्षांनी तो आपट्यापर्यंत आला आणि पुढे वीस वर्षे, 1986 मध्ये रोह्याला गाडी जाईपर्यंत, पातळगंगेकाठचे आपटा हेच त्या मार्गाचे शेवटचे स्थानक राहिले. शेजारी रसायनीत हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स आली, पातळगंगेची औद्योगिक वसाहत आली. आता पनवेल महानगरपालिका आहे, 2016 पासून. पण आपटा तिच्या हद्दीबाहेर, म्हणून येथील सरकारी शाळा रायगड जिल्हा परिषदेची. एकाच तालुक्यात दोन पालक: शहराच्या शाळेला महापालिका, गावाच्या शाळेला जिल्हा परिषद.

अशा ठिकाणी मुलाला चौथी-पाचवीनंतर कुठे घालायचे, हा प्रश्न घरोघरी असतो. जुनी वहिवाट सरळ होती. चौथीपर्यंत जिल्हा परिषद, पाचवीला हायस्कूल. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याने टप्पे वेगळे पाडले: पहिली ते पाचवी, मग सहावी ते आठवी. महाराष्ट्रातल्या इमारती, संस्था आणि अनुदाने मात्र जुन्याच टप्प्यांवर उभी होती. म्हणून पाचवी ते आठवीचे वर्ग आजही कुठे जिल्हा परिषदेत, तर कुठे अनुदानित हायस्कुलात भरतात. या वयाच्या मुलांना पूर्णपणे आपले मानणारे कोणी उरले नाही, असे माझे मत आहे. हायस्कुलाचे लक्ष दहावीच्या निकालावर, प्राथमिक शाळेचे लक्ष लहान मुलांच्या वाचन-लेखनावर. मधल्या मुलांचा निकाल फलकावर लागत नाही.

मग तुलना कशाने करावी? रंगरंगोटी, संगणक कक्ष, परसबाग यांवर ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात गुण मिळतात, आणि स्वच्छ शाळा मुलांचा हक्कच आहे. शिष्यवृत्तीधारकांची नावे मिरवणेही रास्त. पण ती नावे वर्गातल्या मोजक्या मुलांची असतात.

कायद्याने सहावी ते आठवीसाठी मागितलेली गोष्ट अधिक नेमकी आहे. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक, आणि दर 35 मुलांमागे किमान एक. जिल्हा परिषदेच्या भाषेत हे ‘पदवीधर शिक्षक’. आठवीच्या मुलाला बीजगणित कोण शिकवतो, तो त्या विषयाचा आहे का, आणि वर्षभर त्याच वर्गावर असतो का, हे विचारले की दोन शाळांमधला खरा फरक कळतो. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटानुसार शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचे, निकष बदलले. वीसपेक्षा कमी पटाच्या सहावी ते आठवीच्या वर्गांचे नियमित शिक्षक जातील, म्हणून शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला. हा विरोध मला योग्य वाटतो. शिक्षक गेला की पालक मुलाला काढतो, पट आणखी घसरतो, आणि घसरलेला पटच पुन्हा शिक्षक न देण्याचे कारण ठरतो.

मात्र या पटातच सर्वांत मोठी फसगत आहे. संचमान्यतेसाठी 30 सप्टेंबरचा पट धरतात. तेव्हा भात शेतात उभे असते आणि कातकरी आदिवासी कुटुंबे आपल्या वाडीवर असतात. दिवाळी झाली की ती वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या कामावर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे मोजणी होते ती माणसे निघण्यापूर्वी. सहावी-सातवीतली मुलगी भट्टीवर धाकट्या भावाला सांभाळते आणि कागदावर तिचे नाव शाळेत असते. तिच्यासाठी शासनाने हंगामी वसतिगृह आणि शिक्षण हमी कार्ड या सोयी ठेवल्या आहेत. हमी कार्ड घेऊन ती जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकते, पण निघताना ते कार्ड तिच्या हातात पडायला हवे. पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखाली निवासी आश्रमशाळाही आहेत. आईबापांपासून दूर राहण्याची किंमत मोजून मिळणारी ती वाट आहे.

म्हणून शाळेची खरी परीक्षा जानेवारीत होते. सप्टेंबरात पटावर असलेली किती मुले जानेवारीत वर्गात आहेत? पाचवीत दाखल झालेल्यांपैकी किती जण आठवी पूर्ण करून गेले, आणि त्यांत वाडीवरची किती? ज्या शाळेत हे आकडे एकमेकांच्या जवळ येतात, ती चांगली शाळा, मग तिच्या भिंतीचा रंग उडालेला का असेना. उलट, दहावीचा निकाल झळकवणाऱ्या शाळेत वाडीवरची मुले सातवीतच गळत असतील, तर त्या निकालाला मी फारसे मोल देणार नाही.

हे आकडे हजेरीपटात आणि जनरल रजिस्टरात असतात, आणि ते मागण्याची जागाही कायद्याने दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. आपट्याच्या आणि आसपासच्या वाड्यांतील पालकांना माझी विनंती आहे: दिवाळीच्या सुट्टीनंतर समितीची पहिली बैठक होईल तेव्हा जा, स्थलांतरित मुलांची यादी मागा आणि प्रत्येकाला हमी कार्ड मिळाले का, हे नावानिशी विचारा.