शुगरच्या पट्टीवरची काळी रेघ

फज्रनंतर, चहाच्या आधी, आमची अम्मी बोट टोचून शुगर बघते. परवा तिने पट्टी उजेडात धरली आणि विचारलं, "बेटा, ये काली लकीर काय की है?" बीएड झालेल्या मुलाला असा प्रश्न विचारला की उत्तर एका वाक्यात मिळत नाही, हे तिला पाठ झालंय. तरी विचारलं.

ती रेघ कार्बनची. बऱ्याच कंपन्यांच्या पट्ट्यांवर कार्बनच्या शाईने अशा बारीक रेघा छापतात. त्यांच्यावर एक एन्झाइम लावलेलं असतं, शाळेच्या पुस्तकात त्याला आपण विकर म्हणतो. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली की इलेक्ट्रॉन सुटतात. कार्बनची रेघ ते गोळा करून मशीनपर्यंत पोचवते. करंट जितका जास्त, तितका आकडा मोठा. ही कल्पना 1962 मध्ये अमेरिकेतल्या क्लार्क आणि लायन्स यांनी मांडली. जिवंत शरीरातला पदार्थ ओळखून विजेच्या भाषेत सांगणाऱ्या अशा साधनाला बायोसेन्सर म्हणतात.

कार्बनच का? तो स्वस्त आहे, वीज वाहतो, लवकर गंजत नाही. पण शास्त्रज्ञांना त्यात आणखी एक गोष्ट दिसली. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे खरं तर ग्रॅफाइट, कार्बनच्या थरांवर थर. 2004 मध्ये मँचेस्टरच्या गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने हे थर सोलत सोलत एकच थर वेगळा काढला. जाडी फक्त एका अणूची! त्याचं नाव ग्राफीन. 2010 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं. हाच थर पुंगळीसारखा गुंडाळलेला आहे अशी कल्पना करा, ती झाली कार्बन नॅनोट्यूब. जपानच्या इजिमा यांनी 1991 मध्ये तिचं वर्णन केलं. तिचा व्यास साधारण एक नॅनोमीटर असू शकतो, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

मुलांना मी असं सांगतो. शादीच्या मोठ्या हॉलमध्ये एक पाहुणा जास्त आला तर कुणाला कळत नाही. पण मोहल्ल्याच्या अरुंद बोळात एकच माणूस आडवा उभा राहिला तर सगळी ये-जा अडते. जाड तार म्हणजे हॉल, नॅनोट्यूब म्हणजे बोळ. तिचा प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो. म्हणून बाहेरून एखादा रेणू येऊन चिकटला तरी आतल्या करंटमध्ये फरक पडतो. 2020 मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी ग्राफीनवर कोरोनाच्या स्पाइक प्रथिनाला पकडणारी अँटिबॉडी बसवली. स्वॅबच्या नमुन्यात विषाणू असला की तो तिथे अडकायचा आणि करंट बदलायचा.

मग हे आपल्या मेडिकलवाल्याकडे का नाही? कारण प्रयोगशाळेतलं पाणी स्वच्छ असतं, रक्त नसतं. रक्तातल्या मिठाचे आयन त्या रेणूच्या विद्युतभाराभोवती असा गराडा घालतात की जेमतेम एका नॅनोमीटरपलीकडे तो जाणवतच नाही. वर नको ती प्रथिनं येऊन चिकटतात, ती वेगळीच. नॅनोट्यूब बनवताना सुमारे एक तृतीयांश धातूसारख्या निघतात आणि बाकीच्या अर्धवाहक. सेन्सरला बहुतेक वेळा अर्धवाहकच लागतात, म्हणून त्या निवडत बसावं लागतं. आणि हजारातली प्रत्येक चिप सारखीच वागली पाहिजे, नाहीतर एकाच थेंबाचे दोन आकडे येतील. कारखान्यात काम करणाऱ्यांचाही विचार आहे. 2008 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात लांब, ताठ नॅनोट्यूबमुळे ॲस्बेस्टॉससारखी सूज आलेली दिसली होती. या बातम्या देताना "लवकरच बाजारात" असं लिहिणारे हा भाग गाळतात, याचा मला राग येतो.

आणि त्या "लवकरच"च्या भरवशावर दुसरेच लोक दुकान मांडतात. आमच्या खालाजानच्या मुलाने ऑनलाइन एक घड्याळ मागवलं, "न टोचता शुगर". आकडा रोज छान यायचा. खालाजान खूश, मिठाई पुन्हा सुरू. एकदा मी ते घड्याळ केळ्याला बांधलं. केळ्याची शुगर 104 आली! हसू आलं, पण खालाजानची लॅबमधली शुगर पाहिल्यावर हसू गेलं. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी 2024 मध्ये स्पष्ट बजावलं की त्वचेला न टोचता स्वतःच रक्तातली शुगर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आपण मंजूर केलेली नाही. दंडावर चिकटवायचा सेन्सर वेगळा. त्याची केसासारखी तार त्वचेखाली जाते आणि ते साधन खरं आहे. कुणी घड्याळ विकायला आलं तर एवढंच विचारा: याची सुई कुठे आहे?

अम्मीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे अजून टोचायचंच." हो. मग मी तिची पट्ट्यांची डबी चुलीवरच्या फळीवरून काढून कपाटात ठेवली. कार्बनला काही होत नाही, पण वाफेने आणि उष्णतेने एन्झाइम खराब होतं आणि आकडा चुकतो. झाकणही घट्ट लावायचं, हे तिला दोनदा सांगितलं.