कचऱ्याच्या टोपलीतले गणित

बेसबॉल म्हणजे मनगटाचा खेळ. तेथे आकडेमोडीचे काय काम? अमेरिकेतल्या बाल्टिमोर ओरिओल्स संघाचा खेळाडू डेव्ही जॉन्सन ह्याला मात्र ते काम दिसले. गडी गणिताचा पदवीधर! संघमालकाच्या बियरच्या कारखान्यातील संगणकावर त्याने हिशेब मांडला आणि फलंदाज कोणत्या क्रमाने पाठवावेत, ह्याचा तक्ता व्यवस्थापक अर्ल वीव्हर ह्यांच्यापुढे ठेवला. वीव्हरसाहेबांनी तो चक्क टोपलीत टाकला!

१९६९ च्या जागतिक मालिकेत न्यूयॉर्क मेट्सने ओरिओल्सना हरविले. त्या मालिकेतला शेवटचा बाद गडी हाच जॉन्सन. पण दैवगती पाहा! १९८४ साली तोच मेट्सचा व्यवस्थापक झाला. आता फलंदाजीचा क्रम ठरविणे त्याच्याच हाती होते. कोणत्या गोलंदाजापुढे कोणता फलंदाज उभा करावा, हे तो संगणकातील नोंदी पाहून ठरवू लागला. सात हंगाम पराभवच अधिक पाहिलेल्या त्या संघाने पहिल्याच वर्षी ९० सामने जिंकले. १९८६ साली १०८ जिंकले आणि १९६९ नंतर प्रथमच जागतिक मालिकाही!

२०२५ साली जॉन्सनचे निधन झाले. वाचकहो, आज तेथल्या प्रत्येक मोठ्या संघाच्या पदरी आकडेतज्ज्ञ आहेत. त्यांचे तक्ते आता कोणी टोपलीत टाकीत नाही.