नीलला मुक्काम हवा

अंदमानला निघालेल्या मराठी माणसाच्या यादीत पहिलं नाव सेल्युलर जेलचं असतं, आणि ते तिथेच असायला हवं. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात भुजांपैकी आज तीनच उभ्या आहेत. बाबाराव आणि तात्याराव, दोघे सावरकर बंधू इथल्या कोठड्यांत होते. हे पाहून झालं की सुरू होतात ‘पॉइंट’. आज रॉस, उद्या बाराटांग, त्यासाठी मध्यरात्र उलटताच गाडी दारात. मग हॅवलॉकचा राधानगर किनारा. चार-पाच दिवसांत आपण सुट्टीवर आहोत की ड्यूटीवर, तेच कळेनासं होतं. एवढं करून नील बेट मात्र दोन बोटींच्या मधल्या वेळात उरकलं जातं. माझ्या मते मुक्काम तिथेच करावा, तोही सहलीच्या शेवटी आणि निदान तीन रात्रींचा.

हॅवलॉक आणि नील ही दोन्ही नावं १८५७ चा उठाव चिरडणाऱ्या इंग्रज सेनाधिकाऱ्यांची. त्यातला नील अलाहाबादच्या परिसरात सरसकट फाशी देण्यासाठी कुप्रसिद्ध होता. २०१८ पासून हॅवलॉक झालं स्वराज द्वीप आणि नील झालं शहीद द्वीप. जेटीवर अजून दोन्ही नावं चालतात.

नीलवर गर्दी नाही, कारण बेट मुळात शेतकऱ्यांचं. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं गेलं. त्यांनी जंगल तोडून वाड्या उठवल्या. सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर ही गावांची नावं. केळी, सुपारी, नारळ आणि मुख्य म्हणजे भाजी. अंदमानच्या बाजारात नीलची भाजी जाते. इथल्या साध्या खानावळीत मासे-भात मागवावा. मोहरीच्या तेलाचा वास नवा वाटेल, पण एक-दोन जेवणांत जीभ सरावते. भाड्याच्या सायकलीवर तासाभरात बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाता येतं.

दिवस इथे लवकर उजाडतो आणि लवकर संपतो. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं, पण बेट मुंबईच्या जवळपास वीस रेखांश पूर्वेला. त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. सहानंतर काय करायचं, हा प्रश्न पहिल्या संध्याकाळी छळतो. दुसऱ्या दिवशी आठलाच डोळे मिटतात, आणि सीतापूरच्या किनाऱ्यावरचा सूर्योदय गजराशिवाय मिळतो.

लक्ष्मणपूरजवळची खडकाची नैसर्गिक कमान पाहायची तर ओहोटीच हवी. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. ती वेळ इथे जुळत नाही. उधाण-भांगाचा नियम मात्र तोच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप मागे जातं, अष्टमीला जेमतेम. म्हणून तारखा ठरवतानाच पंचांग उघडावं आणि रोजची वेळ उतरल्या ठिकाणी विचारावी. पाणी ओसरलं की खडकांतल्या डबक्यांत खेकडे, समुद्रकाकड्या, चिमुकले मासे दिसतात. पायात रबरी चपला हव्यात, आणि पाय पडावा तो मोकळ्या खडकावर, जिवंत प्रवाळावर नाही. २०१० मध्ये समुद्राचं पाणी तापून अंदमानचे प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडले होते. उरल्यासुरल्यावर आपलं वजन नको. भरतपूरच्या काचतळाच्या बोटी मला फारशा रुचत नाहीत. पोहता येत असेल तर स्नॉर्केलच घ्यावं. समुद्री गवतावर चरणारा डुगाँग, अंदमानचा राज्यप्राणी, याच पाण्यात वावरतो, पण तो दिसेल या आशेवर बसू नये.

जानेवारी ते मार्च समुद्र बहुधा शांत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं उठतात आणि बोटी रद्द होतात. म्हणून सहलीची शेवटची रात्र मात्र नीलवर काढू नये. आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला परतावं. २०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम. विमानतळावर सामान तपासलं जातं. प्रवाळ नेणं कायद्याने गुन्हा आहे, मेलेला तुकडासुद्धा. दुकानातून शंख घेतलाच, तर पावती हाताशी ठेवावी.