उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील हवामान बदल अनुकूलन

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही ठाणे जिल्ह्यातील उल्हास नदीच्या खोऱ्यात वसलेली तीन शहरे आहेत. भारताने हवामान बदलाविषयी स्वीकारलेली उद्दिष्टे आणि महाराष्ट्र शासनाचा अनुकूलन आराखडा यांची येथील अंमलबजावणी प्रामुख्याने पूर, पाणीपुरवठा आणि नदीकाठच्या बांधकामांशी निगडित आहे. हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवण्यास शमन, तर बदललेल्या हवामानापासून होणारी हानी कमी करण्यास अनुकूलन म्हणतात.

राष्ट्रीय व राज्य पातळीवरील धोरण

हवामान बदलाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा २००८ मध्ये जाहीर झाला. पॅरिस करारान्वये भारताने २०१५ मध्ये मांडलेली उद्दिष्टे ऑगस्ट २०२२ मध्ये सुधारण्यात आली. त्यांनुसार २०३० पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाची उत्सर्जन तीव्रता २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटवायची असून, स्थापित वीजक्षमतेपैकी सुमारे ५० टक्के क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांवर आधारित असावी असे ठरले. निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० हे वर्ष निश्चित केले आहे.

महाराष्ट्राचा अनुकूलन कृती आराखडा ‘टेरी’ या संस्थेच्या अभ्यासावर आधारलेला आहे. २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पंचमहाभूतांवर आधारित निकषांनी स्थानिक स्वराज्य संस्थांचे मूल्यमापन केले जाते.

पूर

उल्हास नदी बदलापूरवरून कल्याणकडे वाहते. तिची उपनदी वालधुनी अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून व पुढे उल्हासनगरातून जाते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दोन्ही नद्यांना महापूर आला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि स्थानिक रहिवाशांच्या मदतीने गाडीतील सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका झाली.

पूररेषा

राज्यात सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने, तर १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषेने दाखवतात. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्रात बांधकामास मनाई असते. दोन्ही रेषांमधील क्षेत्रात ते निर्बंधांसह करता येते. या रेषा पूर्वीच्या पर्जन्य व प्रवाहाच्या नोंदींवरून आखल्या जातात. अतिवृष्टीची वारंवारता वाढल्यास जुनी रेषा प्रत्यक्ष धोक्यापेक्षा कमी क्षेत्र दाखवते, म्हणून तिचे वेळोवेळी पुनर्निर्धारण आवश्यक ठरते.

पाणीपुरवठा

पावसाळ्यात पूर आणणारी उल्हास नदी उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचा आधार असते. आंध्र जलाशयाचे पाणी भिवपुरी येथे वीजनिर्मितीनंतर नदीत सोडले जात असल्याने ती बारमाही वाहते. बदलापूर येथील बंधाऱ्यातून पाणी उचलले जाते. बारवी धरणाचे पाणी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या योजनेमार्फत उद्योगांना व शहरांना मिळते. औद्योगिक व घरगुती सांडपाण्यामुळे प्रदूषित झालेल्या वालधुनीच्या पुरातून दूषित पाणी वस्तीत शिरण्याचा धोका असतो. त्यामुळे सांडपाणी प्रक्रिया हा येथे अनुकूलनाचाही भाग ठरतो.

अंमलबजावणीतील अडचणी

उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद यांच्या हद्दी स्वतंत्र असल्या तरी नदीखोरे सामायिक आहे. वरच्या भागातील पूरमैदानात भराव झाल्यास पाणी पसरण्याची जागा घटते व त्याचा भार खालच्या वस्त्यांवर येतो. एका शहराने नाले रुंद केले तरी पुढील पात्र अरुंद राहिल्यास पूर केवळ जागा बदलतो. राष्ट्रीय उद्दिष्टे उत्सर्जनाच्या टक्केवारीत मोजता येतात. या तीन शहरांतील अनुकूलनाचे यश मात्र पूररेषेच्या पालनावर आणि संपूर्ण खोऱ्याच्या एकत्रित नियोजनावर अवलंबून आहे.