गोड शेवटानंतरचं पुस्तक

प्रेमकादंबरी उघडणाऱ्याला पहिल्या पानाआधीच एक वचन मिळालेलं असतं: मधे काहीही घडो, ही दोघं शेवटी एकमेकांची होणार. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने तर हे व्याख्येतच घातलं आहे. कथेच्या मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. मालिकेचा स्वभाव नेमका उलटा. पुढचा भाग निघायचा तर काहीतरी सुटायचं राहिलेलं असावं लागतं. मग व्हॅम्पायर, चेटकिणी, लांडग्याचं रूप घेणारी माणसं यांच्या प्रेमकथा दहा-दहा, पंधरा-पंधरा भाग चालतात तरी कशा? पॅरानॉर्मल रोमान्स नावाच्या या कपाटातलं मला सर्वांत थक्क करणारं कोडं हेच आहे. आणि त्याचं सर्वांत देखणं उत्तर, माझ्या मते, न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या एका लेखिकेने दिलं आहे.

हा पेच हिंदी कादंबरीकार देवकीनंदन खत्रींना एकोणिसाव्या शतकातच पडला होता. 1888 सालच्या ‘चंद्रकांता’त नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता एकत्र आले, तिलिस्म नावाचा मायावी भूलभुलैया फुटला, पण वाचकांची भूक काही भागली नाही. खत्रींनी पुढची पिढी हाताशी धरली आणि ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग त्या दोघांच्या मुलांवर रचले. दूरदर्शनवरची ‘चंद्रकांता’ आठवणाऱ्यांना या पसाऱ्याची थोडी कल्पना असेल.

अलीकडच्या लेखिकांनी वेगळ्या वाटा काढल्या. शार्लेन हॅरिस यांनी शेवटच लांबवला. त्यांची सूकी लुइझियानातल्या एका छोट्या गावातली बारमधली वेट्रेस. तिला इतरांच्या मनातलं ऐकू येतं, त्यामुळे कुणाशी जवळीक करणं म्हणजे छळच. व्हॅम्पायरच्या मनातलं मात्र तिला ऐकू येत नाही. त्या शांततेसाठी ती त्याच्याकडे ओढली जाते, आणि प्रेमात पडण्याचं इतकं पटणारं कारण मी फार थोड्या पुस्तकांत वाचलं आहे. 2001 ते 2013 या काळात या मालिकेच्या तेरा कादंबऱ्या निघाल्या, आणि सूकी अखेर कुणाची होणार हा प्रश्न शेवटपर्यंत उघडा राहिला. उत्तर कळलं तेव्हा अनेक वाचक संतापले. मी त्यांना दोष देणार नाही. बारा वर्षं ज्याने त्याने आपापला नायक मनात धरला होता; लेखिका कुणालाही निवडती तरी बाकीच्यांचं मन मोडणारच होतं.

दुसरी वाट इलोना अँड्र्यूज यांची. हे इलोना आणि गॉर्डन या नवरा-बायकोचं मिळून घेतलेलं नाव. त्यांच्या केट डॅनियल्स मालिकेतल्या अटलांटा शहरात जादूच्या लाटा येतात. लाट आली की वीज, गाड्या, बंदुका बंद. ओसरली की मंत्र निकामी. तलवार चालवणारी केट आणि सिंहाचं रूप घेणारा करन यांचं सूत चौथ्या पुस्तकात जुळतं आणि मालिका दहाव्यापर्यंत जाते. पुढची सहा पुस्तकं म्हणजे सरळ संसार: कुणाचं घर, कुणाची माणसं, कुणासाठी कोणतं पद सोडायचं, आणि हजारो वर्षं जगलेल्या, शहरं बेचिराख करू शकणाऱ्या केटच्या बापाला कसं तोंड द्यायचं. प्रेम जुळलं की गोष्टीतला जीव जातो, हा समज या मालिकेने साफ खोटा पाडला.

तिसरी वाट सर्वांत रुळलेली: जग तेच ठेवायचं, जोडी दर पुस्तकात नवी आणायची. क्रिस्टीन फीहान यांनी 1999पासून, जे. आर. वॉर्ड यांनी 2005पासून हेच केलं. यात धोकाही उघड आहे. साचा ठरला की पाचव्या पुस्तकापर्यंत फक्त नावं आणि डोळ्यांचे रंग बदलत राहतात. नलिनी सिंह यांनी याच वाटेवर जे उभारलं, त्याने मला वेड लावलं.

नलिनी सिंह यांचा जन्म फिजीचा, त्या वाढल्या न्यूझीलंडमध्ये. 2006 साली ‘स्लेव्ह टू सेन्सेशन’ या कादंबरीने त्यांची साय-चेंजलिंग मालिका सुरू झाली. या जगात तीन तऱ्हेची माणसं आहेत. एक तुमच्याआमच्यासारखी. दुसरे चेंजलिंग, म्हणजे बिबट्या किंवा लांडगा होऊ शकणारे, टोळीने राहणारे. तिसरे साय: कुणी दुसऱ्याचं मन वाचतो, कुणी नुसत्या विचाराने वस्तू हलवतो, कुणाला भविष्य दिसतं. या शक्तीपायी साय लोकांत वेड आणि हिंसा बोकाळली, म्हणून 1979मध्ये त्यांनी ‘सायलेन्स’ नावाची शिस्त लागू केली. लहानपणापासून भावना मारायला शिकवायचं. राग नको म्हणून माया नको, भीती नको म्हणून आनंदही नको. कथा सुरू होते ती 2079 साली, या शांततेला शंभर वर्षं झाल्यावर.

या एका कल्पनेने काय साधलं ते पाहा. कुणी कुणावर जीव लावणं हाच गुन्हा झाला. सापडलेल्याचं मन पुसून टाकलं जातं. भरीला, प्रत्येक साय मनाने सायनेट या अदृश्य जाळ्याला जोडलेला असतो आणि तो दुवा तुटला की मरतो. म्हणजे पहिल्या पुस्तकाची नायिका साशा डंकन बिबट्यांचा म्होरक्या लूकस हंटर याच्या प्रेमात पडते, तेव्हा ती पळूनही जाऊ शकत नाही. जाळ्यात राहिली तर पकडली जाणार, बाहेर पडली तर जीव जाणार.

ही गाठ सुटते कशी? लूकसचे जिवाला जीव देणारे काही पहारेकरी आहेत. त्यांच्या निष्ठेचं मनाच्या पातळीवर एक छोटंसं जाळं आधीच विणलेलं निघतं, आणि साशाचं मन त्यात तगतं. वॉन, क्ले, डोरियन, मर्सी हे त्या जाळ्यातलेच. आणि याच चौघांच्या प्रेमकथा म्हणजे मालिकेतलं दुसरं, चौथं, पाचवं आणि सहावं पुस्तक! हे लक्षात आलं तेव्हा मी उठून पहिलं पुस्तक पुन्हा काढलं. एका जोडीला वाचवणारी माणसंच पुढच्या जोड्यांतली अर्धी माणसं होती. मालिकेचा सांगाडा पहिल्याच सुखान्तात दडवून ठेवला होता, तोही नायिकेचा जीव वाचवणाऱ्या नात्यांच्या रूपात.

साशाला आयुष्यभर वाटत आलेलं असतं की आपण सदोष आहोत, कारण तिच्यातल्या भावना मरत नाहीत. पुढे कळतं की भावना जाणणं आणि दुसऱ्याच्या वेदना शमवणं हीच तिची शक्ती आहे. तिच्यासारख्यांना दडपल्यामुळे सायनेट आतून सडू लागलं आहे. तेराव्या पुस्तकात, ‘शील्ड ऑफ विंटर’मध्ये, अशा दडपलेल्या माणसांना एकत्र आणून जागं करावं लागतं. एका तरुणीचं गुपित, बारा पुस्तकांनी, सगळ्या जमातीच्या जगण्यामरण्याचा प्रश्न होऊन येतं. तोवर बाराव्या पुस्तकात सायलेन्स कोसळलेलं असतं, आणि ते नुसत्या राजकारणाने कोसळत नाही. आधीच्या प्रत्येक जोडीने त्याला एकेक तडा दिलेला असतो. साचेबंद वाटेवर असूनही इथे कोणतीही जोडी उपरी का वाटत नाही, याचं कारण मला यात दिसतं.

वाट पाहायला लावण्याचं कसबही असंच. लांडग्यांचा म्होरक्या हॉक पहिल्या पुस्तकापासून दिसतो. चेंजलिंग आयुष्यात एकदाच जोडी बांधतात, आणि हॉकची जोडीदार ठरणारी मुलगी लहानपणीच वारलेली. म्हणजे या जगाच्याच नियमाने त्याचं दार बंद. त्याच्या टोळीत आसरा घेतलेली सिएना ही साय मुलगी सगळं जाळून टाकणाऱ्या थंड आगीची धनी. तिचं पुढे काय होणार याची तिलाच भीती. ही दोघं पुस्तकामागून पुस्तक एकमेकांशी भांडत राहतात आणि दहाव्या पुस्तकात, 2011 साली, ‘किस ऑफ स्नो’मध्ये समोरासमोर येतात. तोवर वाचकाने त्यांना दुसऱ्यांच्या गोष्टींच्या कडेला वाढताना पाहिलेलं असतं, आणि म्हणूनच ते पान उलटताना हात थरथरतो.

सगळंच मला आवडतं असं नाही. सुरुवातीच्या पुस्तकांतल्या पुरुषांची मालकीची भाषा मला खटकते. ‘तू माझी’ हे वाक्य थोडं कमी वेळा आलं असतं तर बरं झालं असतं. पंधरावं ‘अलिजियन्स ऑफ ऑनर’ म्हणजे सगळ्या जोड्यांचं संमेलन. जुन्या वाचकाला भेटीगाठींचा आनंद मिळतो, पण कथा जागची फारशी हलत नाही. उलट तिसरं ‘कॅरेस्ड बाय आइस’ मी कुणालाही वगळू देणार नाही. त्यातला नायक जड याच्या मनात भावना उमटली की शरीरात कळ उठते, कारण शिस्त लावणाऱ्यांनी ती वेदनाच त्याच्या मेंदूत पेरून ठेवली आहे. तो ती सोसत सोसत नायिका ब्रेना हिच्याजवळ येतो.

2017च्या ‘सिल्व्हर सायलेन्स’पासून नवं पर्व सुरू झालं आणि प्रश्न आणखी रुंदावला. सायलेन्समुळे साय आणि साधी माणसं यांची लग्नं थांबली होती. आता उघड होत जातं की सायनेटला टिकायला मनाची कुठलीही खास शक्ती नसलेली ही साधी माणसंही हवी आहेत. पंधरा पुस्तकं बिबटे, लांडगे आणि भविष्यवेत्ते गाजवत असताना जी कोपऱ्यात उभी होती, त्यांच्याकडे नजर वळते. म्हणून माझा आग्रह आहे की ही पुस्तकं क्रमाने वाचा. कुणी हॉकचं कौतुक सांगून थेट दहावं हातात दिलं तरी ते बाजूला ठेवून पहिलं मागा. त्यातली मर्सी आणि डोरियन आपण कोण होणार हे अजून न कळता साशाला धरून उभी असतात, आणि त्यांना तसं आधी भेटलात तरच सहाव्या पुस्तकातली मर्सी तुम्हाला पुरती भेटेल.